बोजारा

मी आसगाव सोडलं तेव्हा धानाची रोवणी चालू होती, त्यामुळे मला पोचवायला कोणी आलं नाही. बसच्या खिडकीतून पाहिलं तर सगळ्या बाया बांधीत, धानाच्या चिखलात, वाकलेल्या. त्यातली एक सरळ झाली, तिनं चिखलाचा हात वर केला आणि पुन्हा वाकली. तीच आई, असं मी आजवर धरून चालले आहे. सकाळी ती एवढंच म्हणाली होती, "जाय माय. तिकडं कोनासमोर मान वाकवू नोको. कंबर वाकवाले आमी आहोत."

मी पहिल्यापासून उंच. "एवढ्या मापाचा नवरा कुठून आनाचा?" ही आईची काळजी. पवनीच्या शाळेतल्या मास्तरांना मात्र हीच उंची आवडली आणि त्यांनी बास्केटबॉल हातात दिला. जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली, तेव्हा भाऊ म्हणाला, "गोंदिया जिल्हा वेगळा झाला म्हनून जमलं वो तुले, नाही तं तिकडच्या एवढ्या पोरीत तुले कोन इचारत होतं?" त्याचं कौतुक असंच असायचं.

नागपूरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी डिफेन्स करायला लावला. गुडघे वाकवायचे, समोरच्या मुलीवरची नजर हलवायची नाही आणि मागं मागं सरकायचं. बाकीच्या मुली अडखळत होत्या, मी सरकत राहिले. "हे कुठं शिकलीस?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "बांधीत." सगळ्या हसल्या. त्यांना काय ठाऊक, धान रोवणारी बाई दिवसभर मागंच सरकत असते! पुढं विद्यापीठाच्या संघात मी याच डिफेन्सवर गेले. बास्केट फार केल्या नाहीत, पण माझ्यासमोरून कोणी सहज गेलीही नाही.

खेळाडूंच्या कोट्यातून बडोद्याला नोकरी लागली. तिथं मी दीपाबेन झाले. दाळीतली साखर अंगवळणी पडली, लिफ्टची सवय झाली, भात एकटीपुरता लावायला शिकले. मग एका मॅचमध्ये उडी मारून उतरताना गुडघा फिरला आणि लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, खेळ सुटला, टेबल मिळालं. संघातल्या मैत्रिणी आधी रोज यायच्या, मग फोन करायच्या, आता दिवाळीला मेसेज पाठवतात. संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टावर चेंडू आपटायला लागला की मी खिडकी लावून घेते. फार एकटं वाटतं. हे मी गावी कधी सांगितलं नाही, कारण तिथं सगळे मला सुखात समजतात.

जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगावं लागणार नाही. आपण सगळे मनात एकच धरून असतो, की इथलं काही बिघडलं तर तिकडं आपली जागा आहेच. मीही धरून होते. म्हणून मागच्या वर्षी मुद्दाम रोवणीच्या दिवसांत सुट्टी काढली.

आमच्याकडं रोवणी संपत आली की बाया रस्त्यावर येतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची, पेंडी ठेवून बोजारा मागतात. तो हसत खिशात हात घालतो आणि त्या पैशांतून सगळ्यांचं गोडधोड होतं. लहानपणी मीही मागितलाय, मास्तरांना, ग्रामसेवकाला, कोणाच्या घरी आलेल्या पाहुण्याला. गावच्या बाईला मात्र आम्ही कधी अडवलं नाही. ती आपल्यातलीच, तिला काय मागायचं?

बसमधून उतरून मी लंगडत गावाकडं निघाले तर धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, बाया धावत आल्या. सगळ्यांत पुढं कुंदा. रोवताना ती कायम माझ्या शेजारी असायची. तिनं माझ्या बुटांसमोर पेंडी ठेवली आणि हात पुढं केला. "दे वो बाई, बोजारा दे!"

"अवं कुंदे, मले मांगतं तू?" मी हसत म्हटलं.

"मंग कोनाले मांगू? तू तं आता पाव्हनी आहेस."

चिडवणंच होतं ते. सगळ्या खदखदून हसत होत्या, मीही हसले. मग घोळक्यात मागं उभी असलेली आई दिसली. तिच्याकडं मी मोठ्या आशेनं पाहिलं. ती म्हणेल, पोरीहो, हे आपलीच आहे, इले कायले अडवता. आई पुढं आली, पदराला हात पुसले आणि सगळ्यांसारखाच हात पसरून म्हणाली, "दे ना माय. आमच्या पोरीकडून आमाले पाह्यजेच."

मी पर्स उघडली. आई किती खूश होती! तिची मुलगी देणारी झाली, हे तिला सगळ्या बायांसमोर दाखवायचं होतं. दुपारी मी बांधीत उतरायला निघाले तर तिनंच अडवलं. "पाय दुखन तुया. धुऱ्यावर बस." मी बसले. रांग माझ्यापासून दूर, मागं मागं सरकत गेली. कुंदाच्या शेजारी आता तिची सून होती.

घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी त्या रस्त्याबद्दल सांगते. त्यावर ज्या हात पसरून उभ्या राहतात, त्यांचं ते गाव. मी आता येते, देते आणि पुढं जाते.