डब्याचं तोरण
मंडईत झेंडूचे ढीग लागले, त्याचा तो हिरवट, उग्र वास हाताला चिकटला, की मला आमच्या स्टेशनाचं नवं काचेचं दार आठवतं. आम्ही लोणावळा लोकलचे पासधारक. दसऱ्याला डब्याच्या दाराला तोरण बांधायचं काम वर्षानुवर्षं माझ्या बायकोचं होतं. मी खिडकीशी पुस्तक वाचत बसायचो. ती गेली त्या वर्षी घरात सण करायचा नव्हता, पण डबा म्हणजे काही घर नव्हे, म्हणून तोरण मी ओवलं. स्टेशन तेव्हा नुकतंच नवं झालं होतं, फरशीत चेहरा दिसायचा. दाराशी रखवालदारानं अडवलं. "काका, फुलं आत नेता येणार नाहीत. पाकळ्या गळतात." मी म्हणालो, "मग इथे मोजून घ्या, गाडीत चढताना पुन्हा मोजा." मागचे गृहस्थ कुजबुजले, "अहो, माझ्या गळ्यात घाला. सत्कार झाला म्हणून सांगतो." रांग हसली. मी नको म्हणालो. तिनं ते कधी लपवून नेलं नव्हतं. तोरण दोन्ही हातांत धरून मी दारातच उभा राहिलो, आणि रांगेतलं कुणीही मला ओलांडून पुढे गेलं नाही. गाडीची घोषणा झाली तेव्हा रखवालदार बाजूला सरला. डब्याच्या दाराला मारलेल्या माझ्या गाठी सैल पडल्या, त्या गृहस्थांनी पुन्हा घट्ट मारल्या. यंदा त्या दारावर पाटी आली आहे, 'हार-फुले आत नेण्यास सक्त मनाई'. अक्षर सुबक आहे. उद्या दसरा. मी दोन तोरणं ओवली आहेत, दुसरं त्या काचेच्या दाराच्या मापाचं.