‘पुढे’ म्हणायची मुभा

उखाणे घ्यायला सांगणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचं फार चांगलं मत व्हायला नको.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि वर्तकनगरला राहायचे. आमच्या वसाहतीतली बालवाडीची खोली शनिवारी दुपारी रिकामी असायची. तिथे घरात मारहाण सोसलेल्या बायकांना एकत्र बसवून बोलू द्यायचं, असं एका निवृत्त नर्सबाईंनी ठरवलं. आयुष्यभर मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेलं, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्यांना जोडीला कोणीतरी हवं होतं. बायका बोलवायला, सतरंजी घालायला, आणि हळूहळू बैठक चालवायला. मी लगेच हो म्हटलं. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी मी, आठ बायका काय जड आहेत, असं मला वाटलं.

बायका यायच्या, गोल बसायच्या आणि गप्प राहायच्या. मला शांतता सहन होत नाही. वर्गात शांतता झाली की कुणीतरी काहीतरी फोडलंय, हा माझा अनुभव. तिसऱ्या शनिवारी सिस्टरांना यायला उशीर झाला. मी मनाशी म्हटलं, आज जरा हसतंखेळतं करू. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला बायका कशा मोकळ्या होतात! म्हणून टाळी वाजवून म्हणाले, ‘‘चला, एकेकीनं नाव घ्या बघू. इकडून सुरुवात.’’

आज लिहितानाही कान गरम होतात. नवऱ्याच्या मारानं इथवर आलेल्या बायकांना मी नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. पण गंमत म्हणजे एकीनंही नाही म्हटलं नाही. उखाणा घे म्हटल्यावर नाही म्हणायचं असतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवलेलंच नसतं. आढेवेढे घेतात, लाजतात, पण घेतात. पहिल्या दोघींनी घेतला. तिसरी होती कळव्याच्या खाडीकाठची, कोळ्यांची पोर, पंचविशीची. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. तिचं सासर डोंबिवलीकडचं. सध्या ती भावाकडे होती. हात भाजले ते स्टोव्हचा भडका उडून, असं सगळ्यांना सांगितलेलं. सिस्टरांना तिनं खरं काय ते सांगितलं होतं, आणि मलाही ते माहीत होतं.

ती खाली बघत एका सुरात म्हणाली, ‘‘खाडीच्या पान्याला भरतीची घाई, अमक्यारावांचं नाव घेते, ऐका सासूबाई.’’

लग्नात पाठ केलेला असणार. कुठेही अडखळली नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग बघते तर तिचा श्वास वर वर चाललेला, उजव्या हाताची बाही डाव्या हातानं घट्ट धरलेली. ती भाजली त्या दिवशी सासूबाई दारातच उभ्या होत्या, बाहेरून कडी घालून. हे मला माहीत असूनही त्या घटकेला सुचलं नाही. मी उठले, तिचा दंड धरला आणि म्हणाले, ‘‘काय झालं? बोल ना, मन मोकळं कर.’’ तिनं हात हिसडला आणि चपला न घालता निघून गेली.

सिस्टर आल्या. बायकांनीच त्यांना सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. बायका गेल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही तिचा हात धरलात तो विचारून धरलात का?’’

‘‘अहो, मायेनं धरला!’’

‘‘तिला कसं कळणार माया ते? तिचे हात आजवर न विचारताच धरलेत सगळ्यांनी.’’

मी चपला घेऊन कळव्याला जाते म्हणाले, तर तेही नको. भावाच्या घरी बाई येऊन उभी राहिली की इथे ती काय सांगते याची चौकशी सुरू होणार. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी एक बाई कळव्याचीच होती. तिच्याकडे सिस्टरांनी चपला दिल्या आणि निरोप दिला, ‘‘ताई चुकल्या, माफी मागतायत. यायचं तर ये. नाही आलीस तरी तुझी जागा आहे.’’

माफी? मी? चांगलं करायला गेलेली मी, आणि वर माफी मागायची? घरी जाऊन दोन दिवस धुसफुसले. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच ओरडले. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना अचानक रडू आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

ती तीन शनिवार आली नाही. चौथ्या शनिवारी आली आणि दाराला टेकून बसली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मी त्या दिवशी चूक केली. तुम्हाला नाव घ्यायला लावायला नको होतं. आणि न विचारता हात लावायला नको होता.’’ शाळेतली बाई माफी मागते हे कुणाच्या पाहण्यात नसावं. एकीनं तर ‘‘अगं बाई!’’ म्हणून तोंडावर पदर घेतला.

त्या दिवसापासून सिस्टरांनी एक नियम केला. आपली पाळी आली आणि बोलायचं नसलं की नुसतं ‘पुढे’ म्हणायचं. कारण द्यायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी आठही जणी ‘पुढे’ म्हणाल्या आणि आमची बैठक दोन मिनिटांत आटोपली. मला दरदरून घाम फुटला. सिस्टर शांतपणे शेंगा सोलत बसल्या. मग आम्ही सगळ्यांनीच शेंगा सोलल्या, आणि सोलता सोलता पॅकिंगवाली आपल्या दिराबद्दल बोलायला लागली. तिला कुणीही विचारलेलं नव्हतं.

कळव्याची ती पोर सहा आठवडे ‘पुढं’ म्हणत राहिली. सातव्या आठवड्यात म्हणाली, ‘‘गनपतीच्या आधी मना नांदायला धाडनार हायेत. भावानं शब्द दिलाय.’’

माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिला विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ ती म्हणाली, ‘‘पुढं.’’ झालं! पाळी पुढे गेली. उठायच्या आधी सिस्टरांनी सगळ्यांनाच सांगितलं की कोर्टात फुकट सल्ला देणारा वकील कुठल्या वारी बसतो आणि पोलिसात तक्रार द्यायची तर सोबत कोण येईल.

बाहेर पडल्यावर मी भांडलेच. ‘‘अहो, मरेल ती तिथे! सरळ सांगायचं ना, जाऊ नकोस म्हणून!’’

‘‘मरेल हे तिला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? तिच्या हातावर लिहिलंय ते. आजपर्यंत सगळ्यांनी तिचं ठरवलं. आता आपणही ठरवायचं?’’

मला ते मुळीच पटलं नाही. त्या पंधरवड्यात मला नीट झोप लागली नाही. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीची कधी वाटली नव्हती.

आणि गणपतीच्या आधीच्या शनिवारी तिचा भाऊ आला. नेमक्या त्या दिवशी सिस्टर नव्हत्या, बैठक मी चालवत होते. दारात उभा राहिला, पांढरा शर्ट, हातात पिशवी. माणूस वाईट नव्हता. त्याचं लग्न ठरत होतं, आणि सासर सोडून आलेली बहीण घरात असली की लोक काय बोलतात ते तो ऐकत होता. तो तिला म्हणाला, ‘‘चल, दाजी आलेत न्यायला, घरी बसलेत.’’ ती दाराजवळच्या आपल्या जागेवरून हलली नाही. तेव्हा तो माझ्याकडे वळला. ‘‘ताई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा हिला दोन शब्द.’’

आता मला कोण अडवणार? मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, ‘‘हे बघा, तुमच्या बहिणीला...’’

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘तुमी जरा गप बसा.’’

मी बसले. खरं सांगते, मला रागही आला.

ती भावाला म्हणाली, ‘‘मना नाय जायाचा.’’

‘‘मी शब्द दिलाय.’’

‘‘तू दिलास. मना इचारलं नाय.’’

‘‘मंग रानार कुठं?’’

‘‘आपल्याच घरी. बापाचं घर हाय, माजा पन बाप होता.’’

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाला, ‘‘बरं, चल घरी. मी सांगतो त्याना. आय वाट बघतेय.’’

‘‘थांब जरा,’’ ती म्हणाली. ‘‘माजं बोलून नाय झालं अजून.’’

आणि ती आत येऊन, दार सोडून, आमच्या गोलात मध्ये जागा करून बसली. तो बाहेर पायरीवर बसून राहिला, पाऊण तास.