मालनबाईंनी नापास केलेलं स्थळ

मालनबाईंनी सिल्लोडपासून वैजापूरपर्यंत इतकी लग्नं जुळवली होती, की औरंगपुऱ्यातून रिक्षानं निघाल्या की निम्मे लोक जयभीम करायचे आणि उरलेले नजर चुकवायचे. दोन्ही प्रकारच्यांची लग्नं बाईंनीच जमवलेली. कोणाची आत्या कुठं दिली, कोणाचा मामा कुठल्या गावचा, सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षी मात्र त्यांनी साळव्यांच्या धाकट्या लेकीला साळव्यांचाच थोरला जावई सुचवला. साळवे पोट धरून हसले. मालनबाईंचे नवरे बन्सीभाऊ हसले नाहीत. पंखेदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून ते त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेंदूतल्या पेशींना फांद्या असतात आणि फांद्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे. या आजारात ते झडत जातात.

"काटे झडले तर बरंच की, मॅडम."

"नाही काका. त्या काट्यांवरच एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो. ते गेले की आठवणींचे धागे तुटतात."

आधी कोणते जाणार, हे त्यांनाही सांगता येईना. बन्सीभाऊंना फक्त स्वतःच्या काट्याची काळजी लागली. सगळ्या जिल्ह्याला विसरू दे, पण मला नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एका सकाळी ते दाढी करून पलंगाशी बसले, तर मालनबाईंनी पदर सावरला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठले तुमी?"

"इथलाच."

"काम काय करता?"

"पंखे दुरुस्त करतो."

"घेता का?"

"नाय."

"खरं बोला."

"आधी घ्यायचो कधीमधी. बायकोसाठी सोडली."

मालनबाई भडकल्या. "म्हंजे बायको हाय? आन् स्थळ म्हणून येऊन बसलात? लाज नाय वाटत? उठा! घरी जा, ती बिचारी वाट बघत असंल."

बन्सीभाऊ उठले. चपला घालून बाहेर गेले, दार ओढून घेतलं. ओट्यावर उभं राहून डोळे पुसले, घसा खाकरला आणि कडी वाजवली.

"मालन, आलो गं."

दार उघडलं. "कुठं गेलता इतका येळ? या आत," मालनबाई म्हणाल्या. "आत्ताच एक म्हातारा हाकलला. घरात बायको असून लग्नाला निघालता." मग त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "पण माणूस वाईट नव्हता, बरं का. बायकोवर लई जीव दिसला त्याचा."