अर्जुनाबाई ‘बरी हाय’ म्हणाली त्याची गोष्ट

कडेगावात अर्जुनाबाईचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, पण पोरं गोळा करायला कधी कुणाच्या दारात गेली नाही. चौकात उभी राहून एक हाक द्यायची, की सगळ्या आळीतली पोरं नाक पुसत हजर. रविवारी हाच आवाज देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. पेटीवाला एका पट्टीत, मंडळी भलत्याच पट्टीत, आणि अर्जुनाबाई सगळ्यांना कान धरून आपल्या पट्टीत आणणार. पाळकसाहेबसुद्धा पुढचं गायन कुठलं घ्यायचं ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. बाई फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

आणि नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. दोन महिने घसा बसला म्हणून काढे पिऊन झाले, मग मुलगा सुमंत तिला सांगलीला घेऊन गेला. त्याची नोकरी तिथल्याच विश्रामबागेत, डॉक्टर ओळखीतला. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. ऑपरेशन करू, तुम्ही वाचाल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल. तारीखही दिली, पुढचा सोडून त्याच्या पुढचा मंगळवार. सुमंतला तिथंच रडू फुटलं. अर्जुनाबाईने एकच विचारलं, त्याच्या आधी रविवार किती येतात. दोन, डॉक्टर म्हणाले. मग दोन रविवार गाते, ती म्हणाली, आणि उठली.

पहिल्या रविवारी देवळात पाहुणे आले होते, गावोगाव फिरून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारे ब्रदर अमृत. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोला. पण घाईचा फार. सोबत मोठे स्पीकर आणि मोबाइलवर शूटिंग करणारा एक गडी. आजारी माणसांनी पुढं या म्हणाल्यावर शेजारच्या रंगुबाईने अर्जुनाबाईला ढकलत पुढं नेलं. ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. तिलाही भरून आलं, ढसाढसा रडली. मग त्यांनी माइक तिच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, “आई, बऱ्या आहात ना?”

आता सांगा, आपल्याकडची बाई यावर दुसरं काय बोलणार? ताप अंगात फणफणत असला तरी उत्तर ठरलेलं.

“बरी हाय, बाबा.”

“बरी झाली!” ब्रदर माइकमध्ये गरजले. सगळं देऊळ उठून उभं राहिलं, टाळ्या, हालेलुया, रंगुबाई तर गळ्यातच पडली. आपण काय बोललो आणि त्याचं काय झालं हे अर्जुनाबाईच्या ध्यानात येईपर्यंत शूटिंग संपलंही होतं.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या नात्यागोत्यात फिरला. कोयनानगरच्या नणंदेने फोन करून रडून घेतलं. रंगुबाईने जिलेबी आणली. सांगलीहून आल्यापासून हसू विसरलेला सुमंत हसला आणि सोमवारी त्याने डॉक्टरांना फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवलं. डॉक्टर वैतागले, पण पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत तारीख राखून ठेवतो म्हणाले. आणि अर्जुनाबाई? तीही खूष होती. जगायला कुणाला नको असतं, आणि आवाज शाबूत ठेवून जगायला? ती जिलेबी खाऊन वर पाणी प्याली आणि म्हणाली, देव लय मोठा.

बुधवारी सकाळी चहाचा घोट खाली उतरेना. ठसका लागला, आणि टॉवेलवर रक्त आलं. अर्जुनाबाई परसातल्या पायरीवर बसली. तीन दिवसांची खुशी लाइट जावी तशी गेली. तिला संताप आला. ब्रदरचा, स्वतःच्या जिभेचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. त्यालाही तिने सोडलं नाही. नाचवलंस तीन दिवस, आता का गप, म्हणून चांगलं सुनावलं.

सगळं बोलून झाल्यावर ती वाट बघत बसली, की आता आतलं उरलेलं तेही जाणार. म्हणजे काय, तर तिचा नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. माती देऊन आठ दिवसही झाले नव्हते, भाकरी थापता थापता ती देवळातलं गायन गुणगुणायला लागली. सासरच्या बायकांनी तोंडात बोटं घातली, लाज वाटत न्हाई व्हय, म्हणाल्या. तिला दुःख नव्हतं असं थोडंच? रात्रंदिवस पोळत होतं. पण त्याच्या खाली काहीतरी होतं ते हलत नव्हतं. आजही तिने चाचपून बघितलं. खुशी गेली होती. आनंद जागचा हलला नव्हता. मग ती उठली आणि टॉवेल धुऊन टाकला.

सुमंतला तिने रक्ताचं सांगितलं आणि म्हणाली, डॉक्टरला फोन लाव. तो पांढराफटक पडला, पण फोन काही लावेना. ब्रदर म्हणतात शंका घेतली की आजार परत येतो, रविवारी तुझ्या उपकारस्तुतीची सभा ठेवलीय, सगळी मंडळी येणार, त्यांना काय तोंड दाखवायचं, असलं काहीबाही बोलत राहिला. पोरगं आईच्या मरणाला भीत होतं आणि लोकांनाही भीत होतं. ती म्हणाली, बरं, रविवारीच बोलू.

रविवारी देऊळ गच्च भरलं. ब्रदरनी तिला पुढं बोलावलं, साक्ष द्या आई, म्हणाले. आता साक्षीची आमच्याकडे एक रीतच पडून गेलीय. आजार होता, बरा झाला. नोकरी नव्हती, लागली. शेवट वाईट असलेली साक्ष कुणी देत नाही. अर्जुनाबाईने माइक हातात घेतला. आवाज म्हणजे नुसती घरघर उरली होती, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली.

“ब्रदर, तुमी इचारलं, बऱ्या हाय ना. आमच्यात मरनाऱ्यालाबी त्येच इचारत्यात, आन त्योबी बरा हाय म्हनतो. माजी गाठ जितल्या तितं हाय. रगात पडतंय.”

कुजबुज सुरू झाली. आई, असं बोलू नका, विश्वास ठेवा, म्हणत ब्रदरनी माइकला हात घातला. तिने सोडला नाही.

“इस्वास हाय म्हनूनच खरं बोलती. मी खूष न्हाई. मला भ्या वाटतंय, आवाज जानार म्हनून लय वाईट वाटतंय. पर आनंद इचाराल, तर त्यो माज्या नरड्यात कवाच नव्हता. डाक्टर कापू दे काय कापायचंय त्ये.”

मग ती सुमंतकडे वळली. सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, “लाव फोन. मंगळवारी येती म्हनून सांग.”

सुमंत उभा राहिला. कुणाकडेही न बघता त्याने तिथंच, बाकांच्या मधोमध, फोन कानाला लावला. शूटिंगवाल्याने मोबाइल खाली घेतला होता. अर्जुनाबाईने त्याला खुणेनं सांगितलं, धर वर, हेबी धाड समद्यांना. आणि पेटीवाल्याकडे बघून तिने गायन सुरू केलं. पट्टी साफ चुकलेली, दर ओळीला आवाज फाटत होता. पेटीवाल्याने दोनदा सूर शोधला, मग तो सोडून दिला आणि ती जिथं जाईल तिथं तिच्या मागून वाजवत गेला. सहाच्या सहा कडवी ती गायली, एकही गाळलं नाही.