मोंबासाला गेलेल्या बाई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी आमच्या बाईंचं नाव घेईन. भिवंडीजवळच्या शेलार गावच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. मुलाशी बोलायचं असलं की बाई आधी खाली बसत. साडीचा काठ धुळीत गेला तरी चालेल, पण डोळे मुलाच्या डोळ्यांसमोर यायला हवेत. मग विचारत, "तुझं काय म्हणणं?" तुम्हीही शिक्षक पुष्कळ पाहिले असतील. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणारे किती पाहिले?

मी दहावी झालो तेव्हा बापाने मला कामतघरला लूमवर, कापडाच्या मागावर लावायचं ठरवलं होतं. बाई घरी आल्या.

"पोरगा हाताशी आलाय, बाई. आता शिकून काय करनार हाय?" बाप म्हणाला.

बाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. मी ओट्यावर बसलो होतो, तिथे येऊन उकिडव्या बसल्या. "तुझं काय म्हणणं?"

"शिकायचंय."

"त्याला काय कलतंय?" बाप हसला.

"तुम्ही लूमवर गेलात तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" बाई आता त्याच्याकडे वळल्या.

बाप उठून बाहेर गेला. संध्याकाळी आईला म्हणाला, "जाऊं दे त्याला कॉलेजात. न्हायतर ती बाय रोज येऊन बसंल." आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो असा.

बाई भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. ती लग्न होऊन आफ्रिकेत, मोंबासाला गेली. तिची मुलगी दोन वर्षांची असताना बहीण आजारात गेली, पुढे चार वर्षांनी तिचा नवराही गेला. मुलगी राहिली बापाच्या आईजवळ. म्हातारीला स्वाहिलीशिवाय भाषा नाही. मुलीच्या चुलत्याने बाईंना कळवलं, आई थकली आहे, पोरीला तुम्ही न्या.

बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तेव्हा दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात लागलो होतो. परदेशी कंटेनरची इंग्रजी पत्रं मी लिहीत असे.

"आमच्यात दत्तक म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "सांभाळायला घेणं म्हणतात. नाव बापाचंच राहील तिला. कागद तेवढे तू बघ."

वर्षभर मी कागद बघितले. तिथल्या कोर्टाचे, इथल्या ऑफिसांचे. दर रविवारी बाईंकडे जायचो. त्यांनी दप्तर टांगायला भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर खुंटी ठोकून घेतली होती. शेजारच्या खाला दारातून चिडवायच्या, "बाई, इस उमर में अम्मा बनने चली!"

"बनायचं कशाला? खाला, मावशी तर मी आहेच तिची," बाई म्हणायच्या आणि हसायच्या. इतक्या हसताना मी त्यांना शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

सगळे कागद झाले. तिकीट काढायच्या आधी बाई म्हणाल्या, "आधी तिला विचार." मुलगी शाळेत इंग्रजी शिकत होती. बाईंना इंग्रजी पाचवीच्या पुस्तकापुरतं वाचता येई, बोललेलं कळत नसे. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. दोन वेण्या घातलेली सात वर्षांची मुलगी समोर आली. फोनमधल्या मुलीसमोर खाली बसता येत नव्हतं म्हणून बाईंनी फोनच खाली, स्वतःच्या गुडघ्यावर धरला. इकडे राहायला येशील का, हा बाईंचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला. मुलीने थोडा विचार केला आणि सावकाश, स्पष्ट उत्तर दिलं.

ती नाही म्हणाली. मला सगळं समजलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी श्वास रोखून धरला होता. पोरीला काय कळतंय, इकडे आली की रुळेल, असं माझ्या मनात आलं.

"हो म्हणाली," मी सांगितलं.

"एवढं बोलली, आणि अर्थ एवढाच?"

"इंग्रजीत लांबलचक बोलतात, बाई."

बाई मे महिन्याच्या सुट्टीत गेल्या आणि वीस दिवसांनी एकट्या परत आल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधी तिथलं सगळं सांगितलं. तिकडे दुकानाला दुका म्हणतात, चहाला चाय. बायका नेसतात त्या कापडावर म्हणी छापलेल्या असतात. बाई भिवंडीच्याच, त्यांनी आधी कापडाची किनार उलटी करून पाहिली. "माग चांगला होता," म्हणाल्या. लहान मुलं मोठ्यांपुढे मान वाकवून ठरलेला नमस्कार म्हणतात, मोठ्यांचं उत्तरही ठरलेलं. ते उत्तर शिकायला त्यांना दोन दिवस लागले. म्हातारीशी एक शब्द बोलता येत नव्हता, पण दारापुढच्या दगडी ओट्यावर बसून दोघी रोज तांदूळ निवडायच्या.

"पहिल्या दिवशी पोरीने माझी बॅग उघडली," बाई म्हणाल्या. "एकेक कपडा काढून आपल्या कपाटात लावला. मला हसू आलं. वीस दिवसांसाठी कशाला गं?"

दोन आठवड्यांनी बाईंनी शेजारच्या गुजराती दुकानदारणीला मध्ये घेतलं. बाई हिंदीत बोलल्या, तिने ते स्वाहिलीत सांगितलं. बाई मुलीसमोर खाली बसल्या आणि विचारलं, येशील ना? मुलगी आजीच्या मागे गेली आणि रडायला लागली.

"चुलता म्हणाला, विमानात बसवा, दोन दिवस रडेल. मी म्हटलं, मी असं मूल नेत नाही. शेवटचे चार दिवस ती माझ्यासमोर आली नाही. कपडे मीच कपाटातून काढले." बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "रडताना ती म्हणाली, मी हे फोनवर सांगितलं होतं."

बाईंनी पुढे काहीच विचारलं नाही. चहा पिऊन मी निघालो.

त्यानंतर त्यांनी मला कसलाही कागद वाचायला दिला नाही. रविवारी गेलो तर विचारपूस करत, बापाची तब्येत विचारत. निवृत्त झाल्यावर खोली सोडून त्या एका चुलत भावाकडे खाडीकाठच्या गावी गेल्या. मी स्टँडवर पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती. फोन त्यांनी बंदच केला.

मग मी पत्र लिहिलं. चार महिने झाले, उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे:

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मी तुमच्याशी खोटं बोललो. ते तुम्हाला कळलं आहे, हेही मला माहीत आहे. तुम्हाला ती मिळावी एवढंच मला हवं होतं, पण म्हणून ते खरं होत नाही.

निम्मं अजून सांगायचं राहिलं आहे. तिचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. ती म्हणाली होती, "मी येणार नाही. आजीला संध्याकाळी दिसत नाही, मी तिचा हात धरते. पण मावशी तिकडे एकटी असेल तर तिला इकडे राहायला येऊ दे. माझ्या पलंगावर आम्ही दोघी मावू."

तुम्ही इथून निघालात तेव्हा ती तुमची वाट पाहत होती, बाई. तुम्ही कायमच्या येताय असं तिला वाटलं होतं.

तुमचा विद्यार्थी