साडूंचे देव माझ्या देवघरात

देवावाचून इतक्या सुखात राहणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. देव न मानणाऱ्याने निदान थोडं तळमळावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. साडूभाऊ मात्र उशीला डोकं टेकताच घोरायला लागतात. मी स्तोत्र म्हणून आडवा होतो आणि छताकडे बघत पडतो.

बरं, देव त्यांनी रागाने सोडला म्हणावं, तर तसंही नाही. एका संकष्टीला गच्चीवर चंद्राची वाट बघताना, आपण हे कोणासाठी करतोय, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर सुचेना, म्हणून ते खाली येऊन जेवले. इतकंच. मग देव्हाऱ्यातले सगळे देव आंघोळ घालून, पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे घेऊन आले. "तुमच्याकडे नीट होईल त्यांचं," म्हणाले. तेव्हापासून माझ्या देवघरात दोन बाळकृष्ण आणि दोन अन्नपूर्णा आहेत. देव त्यांनी सोडले आणि रोजची आंघोळ माझ्या गळ्यात पडली.

देव सोडलेल्या माणसाने थोडी मौज तरी करावी, तर तेही नाही. खारघरच्या रिकाम्या रस्त्यावर, भर दुपारी, हे लाल सिग्नलला गाडी थांबवून बसतात. मी म्हटलं, "अहो, बघतंय कोण?" तर म्हणाले, "मी बघतोय ना." मी देवाचं नाव घेऊन सिग्नल तोडणारा माणूस. मला ते उत्तर अजून पचलेलं नाही.

पण खरी जळजळ सासऱ्यांवरून. त्यांची दृष्टी गेल्यावर रोज पोथी वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. मी तिथेच खांदा कॉलनीत, त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. सोवळं नेसून खणखणीत आवाजात वाचायचो. तरी थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी खारघरहून साडूंना बोलावून घेतलं. पोथी वाचायला, आणि देव न मानणाऱ्याला. मी बायकोपाशी भरपूर धुसफुसलो आणि एका संध्याकाळी मुद्दाम चुका काढायला जाऊन बसलो. साडू वाचत होते छान. अध्याय रंगात आला आणि सासऱ्यांचा डोळा लागला. साडूंनी आवाज उतरवत नेला, वाक्य मध्येच सोडलं, पोथी मिटली आणि त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं.

"अध्याय अर्धा टाकलात?" मी कुजबुजलो. "पाठ अर्धवट सोडत नाहीत."

"ते झोपले हो," साडू म्हणाले.

मी अध्याय संपेपर्यंत वाचत असे, आणि सासरे दचकून जागे होत. पुढे न राहवून मी त्यांना विचारलंच, माझं काय चुकलं म्हणून.

"चुकलं काहीच नाही, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही देवासाठी वाचता. ते माझ्यासाठी वाचतात."

गेल्या वर्षी सासरे गेले. मी साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "वैकुंठात असतील आता."

"असतील तर बरंच आहे," साडू म्हणाले. "माझ्याकडे तेवढी सोय नाही. मला ते काय भेटायचे ते इथेच भेटणार होते." आणि मग ते लहान मुलासारखे रडले.

मला रडू आलं नाही. मला सासरे पुन्हा भेटणार आहेत, असं मी धरून चालतो. रोज सकाळी साडूंच्या बाळकृष्णाला पुसताना मी ते त्यालाही सांगतो. तरी त्या दिवशी हेवा वाटला तो साडूंचाच. त्यांचं भेटून झालं होतं.