दुखण्याची दवाई

डॉक्टरनं माह्या पोट्टीच्या पायावरची चादर झटक्यानं ओढली. रोशनी किंचाळली. नऊ वर्षांची पोट्टी. मांडीच्या हाडात कॅन्सर. पलंगाभोवती शिकाऊ डॉक्टर उभे. त्यायच्यासमोर तो मले म्हणाला, "चुप कराओ इसको. तुम उरला वालों को चिल्लाने की आदत होती है."

काही शिकाऊ पोट्टे हसले. उरला म्हणजे आमची कारखान्यायची वस्ती.

मी हात जोडले. "सर, दर्द की कोई तेज दवाई दे दो. सोती नहीं है."

"वो आखिरी में देते हैं. अभी से मारना है क्या बच्ची को?"

मी पोरीच्या तोंडावर पदर धरला. तिचा आवाज साहेबाले लागू नये म्हणून!

किती महिने असेच गेले. मग एक दिवस दारातूनच म्हणाला, "घर ले जाओ. अब कुछ नहीं हो सकता." पोट्टीकडं पाहिलंही नाही.

माही नणंद बुढापारा मोहल्ल्यात राहते. तिनं याच शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं लेकरायच्या दुखण्यासाठी वेगळी खोली आहे. तिथली डॉक्टर दीदी पलंगावर बसली. मले नाही, रोशनीले विचारलं, "बेटा, कैसा दुखता है?"

"अंदर से कोई काटता है," रोशनी म्हणाली. तोवर तिले कोणी विचारलंच नव्हतं.

दीदीनं मॉर्फिनचं औषध सुरू केलं. पोट्टी झोपली. उठल्यावर म्हणाली, "आई, मले फरा पायजे." तांदळाच्या पिठाचा तो वाफवलेला फरा तिनं खाल्ला. बापासंग अष्टाचंग खेळली. खोटं खेळून जिंकली. तिचा बाप लोखंडाच्या रोलिंग मिलमधला माणूस, तोंड फिरवून रडला.

मी दीदीले विचारलं, "ये पहले नहीं दे सकते थे?"

तिनं मान खाली घातली. "पहले दिन से. इलाज के साथ-साथ."

मले रडू नाही आलं. औषध याच शहरात होतं. ऑटोनं जाता येते इतकं जवळ. अन् माही पोट्टी त्या वार्डात उशी चावून राहिली होती.

रोशनीनं घरीच जीव सोडला. माह्या मांडीवर. लोक म्हणतात, शांत गेली. आधीचे महिने कोण वापस देईन?

तेराव्यानंतर मी पहिल्या दवाखान्याच्या त्या वार्डात घुसली. राऊंड चालू होता. सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"कौन है ये? बाहर करो."

"रोशनी की माँ. दवाई थी. तुमने नहीं दी. काहून नाही दिली, सांग!"

आता कोणी हसलं नाही. गार्डनं दंड धरला. मी जाताजाता वार्डभर ओरडली, "दर्द की दवाई पहले दिन से मांगो!" कोपऱ्यातली एक माय हळूच म्हणाली, "हव बाई."

आता मी त्या दवाखान्याच्या फाटकावर असते. कडेवर कण्हणारं लेकरू दिसलं का मायले थांबवते. काय मागायचं ते सांगते. नाही दिलं तर डॉक्टर दीदीकडं नेते. गार्ड हाकलते, मी रस्त्यापलीकडं उभी राहते.

त्या डॉक्टरले मी माफ करणार नाही. तो माफी मागन बी नाही. रोज दवाई मागणारी एक नवी माय त्याच्यासमोर उभी करीन. त्याले उत्तर द्याच लागन.